पूलच्या टेबलावर स्नूकरचे नियम कशाला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात पूलच्या, म्हणजे क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे बॉल कडेच्या पॉकेटमध्ये घालायच्या खेळाच्या, स्पर्धा भरतात, पण फाऊल कशाला म्हणायचं यावर दोन टेबलांवरचे दोन पंच एकमत होत नाहीत. बहुतेक वाद एकाच जागी पेटतात. पांढरा बॉल आणि समोरचा बॉल चिकटलेले किंवा चिकटल्यासारखे असतात, खेळाडू सरळ मारतो, दोन्ही बॉल बरोबरच पुढे जातात आणि टेबलाभोवतीची निम्मी माणसं ‘पुश, पुश’ म्हणून ओरडतात. ओरडणारे बहुधा स्नूकर शिकून आलेले असतात. त्यांच्या खेळात त्यांचं बरोबर आहे, या खेळात चूक.

स्नूकरमध्ये पांढरा बॉल दुसऱ्याला चिकटला असेल तर त्या बॉलला न हलवता दूर मारायचं. तो हलला की पुश, म्हणजे फाऊल. आणि चिकटलेला बॉल ‘ऑन’ (पांढरा आधी ज्याला लागायला हवा तो) असेल तर नुसतं दूर मारलं तरी तो लागला असं धरतात. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत दोन्ही गोष्टी नेमक्या उलट आहेत. चिकटलेला बॉल तुमच्या गटाचा (तुम्ही पॉकेटमध्ये घालायच्या बॉलपैकी) असेल तर त्याच्या दिशेने खुशाल मारा. तो हलला म्हणजे लागला. दूर मारलात तर मात्र तो लागलेला धरत नाहीत. मग पांढऱ्याने दुसरीकडे तुमचा बॉल गाठला नाही, तर फाऊल तुमचाच. स्नूकरच्या सवयीने हळूच दूर सरकवून सेफ्टी (समोरच्याला अडचणीत टाकणारा शॉट) खेळायला जाणारा इथे हमखास फसतो.

एक अट लोक विसरतात. बॉल चिकटलेले आहेत असं पंचाने किंवा प्रतिस्पर्ध्याने आधी जाहीर केलेलं नसेल, तर ते चिकटलेले नाहीत असंच धरतात. ते जाहीर करून घेण्याची जबाबदारी मारणाऱ्याची. शॉट झाल्यावर ‘अरे, ते टच होते की’ म्हणण्यात अर्थ नाही. तपासायचं कसं? बॉलना हात न लावता डोळे बॉलच्या उंचीवर आणायचे आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च धरायचा. दोन बॉलच्या मध्ये उजेडाची रेघ दिसली तर फट आहे. रेघ केसाएवढी असली तरी नियम बदलतो.

फट असेल तेव्हा खरा डबल हिट होतो. साधारण शॉटमध्ये क्यूची टिप (पुढचं टोक) पांढऱ्या बॉलला सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढीच टेकते. फट फार कमी असली की पांढरा समोरच्या बॉलवर आदळून थबकतो आणि पुढे येत असलेली टिप त्याला पुन्हा लागते, किंवा पहिल्या वेळची टिप सुटायच्या आतच दोन्ही बॉल भिडतात. दोन्हींत फाऊल. फट टिपला लावायच्या चॉकच्या चौकोनी तुकड्याच्या रुंदीपेक्षा कमी दिसली, तर पंचाने खाली वाकून बघितलंच पाहिजे.

निर्णय आवाजावरून द्यायचा नाही, पांढऱ्या बॉलच्या वागण्यावरून द्यायचा. दोन्ही बॉल जवळपास सारख्या वजनाचे असतात, त्यामुळे समोरासमोरच्या टकरीत पांढऱ्याचा वेग जवळजवळ सगळा पुढच्याला मिळतो. बरोबर शॉटमध्ये पांढरा आधी जागच्या जागी अडखळतो. बॉलच्या वरच्या भागावर मारलं असेल तर फिरकीमुळे मग हळूहळू पुढे निघतो. डबल हिटमध्ये हे अडखळणं नसतंच. दोघे एकाच वेगाने, जोडीने पळतात. पंचासाठी सोपं माप असं: इतक्या जवळच्या सरळ शॉटमध्ये पांढरा बॉल समोरच्याच्या जागेच्या अर्ध्या बॉलपेक्षा जास्त पुढे गेला, तर फाऊल धरा. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटरचा असतो, म्हणजे अर्धा बॉल साधारण तीन सेंटिमीटर. बाजूने कापून मारलेल्या शॉटमध्ये पांढरा टकरीच्या रेषेशी काटकोनात निघाला पाहिजे. त्या काटकोनाच्या रेषेच्या पुढे झेपावला तर टिप पुन्हा लागलेली आहे. जेमतेम चाटून गेलेला बारीक कट मात्र नियमांनीच सोडून दिलेला आहे, तो फाऊल धरत नाहीत.

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, की क्यूचा मागचा भाग वर उचलून मारलं की डबल हिट होत नाही. होतो. क्यू उचलल्याने टिप लवकर बाजूला निघायची शक्यता वाढते, एवढंच. पांढरा तरीही जोडीने पळाला तर क्यू कितीही उभा असला तरी फाऊलच. अशा जागी समोरच्या बॉलची कड धरून कट मारा, किंवा क्यूचा झोका दोन-तीन सेंटिमीटरात थांबवा. दोन्ही जमत नसेल तर दुसरा बॉल शोधा.

स्लो मोशनचा आग्रह धरणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. मोबाइल सेकंदाला 240 चित्रं घेत असला तरी दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंदांहून थोडं जास्तच जातं. टिप टेकते त्याच्या पाव वेळात. त्यामुळे टिप दोनदा लागल्याचा क्षण त्या क्लिपमध्ये सापडेलच असं नाही. दिसतं ते पुन्हा पांढऱ्याचं पळणंच, आणि ते समोर उभा असलेला पंच नुसत्या डोळ्यांनी बघू शकतो.

दुसरा मोठा घोळ कुशनचा, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीचा. शॉटमध्ये बरोबर बॉल लागल्यावर एखादा बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे, नाहीतर पांढरा किंवा इतर कुठला तरी बॉल कुशनला लागला पाहिजे. हा नियम बहुतेकांना पाठ आहे. अडतं ते कुशनला आधीच टेकून असलेल्या बॉलवर. समजा तुमचा अकरा नंबर लांब कुशनला टेकून आहे, तुम्ही हळूच त्याला स्पर्श केला, तो कुशनला घासत चार बोटं सरकला आणि पांढरा जागीच राहिला. हा फाऊल आहे. टेकलेला बॉल त्या कुशनपासून सुटून परत आला, किंवा दुसऱ्या कुशनला लागला, तरच मोजतात. इथेही टेकल्याचं आधी जाहीर व्हायला हवं, नाहीतर टेकलेला नाही असं धरून शॉट बरोबर ठरतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याने खुर्चीत रेलून चहा पीत बसण्यापेक्षा अशा वेळी उठून बघावं.

एट-बॉल या खेळात आपल्या गटाचे सगळे बॉल संपवून शेवटी आठ नंबरचा बॉल घालायचा असतो. त्या आठवर सगळ्यात जास्त आवाज चढतो. आठवर मारताना पांढरा पॉकेटमध्ये पडला की गेम हरला, असं कित्येक ठिकाणी सरसकट धरतात. तसं नाही. पांढरा पडला पण आठ टेबलावरच राहिला, तर तो साधा फाऊल. समोरच्याला बॉल इन हँड (पांढरा हाताने ठेवायची मुभा) आणि खेळ चालू. आठ आणि पांढरा दोन्ही गेले, आठ न सांगितलेल्या पॉकेटमध्ये गेला, आपला गट संपायच्या आत गेला किंवा टेबलाबाहेर उडाला, तर गेम गेला. ब्रेकवर (खेळ सुरू करणाऱ्या पहिल्या शॉटवर) आठ पडला तर ना जिंकला ना हरला. आठ पुन्हा जागेवर ठेवून पुढे खेळायचं की नव्याने ब्रेक करायचा, हे ब्रेक करणारा ठरवतो. त्याच ब्रेकवर पांढराही पडला, तर निवड समोरच्याची.

बॉल इन हँड म्हणजे टेबलावर कुठेही. पूलच्या टेबलाला स्नूकरसारखा ‘डी’ (पांढरा ठेवायचा अर्धगोल) नाही, तरी इन-ऑफ झाला, म्हणजे पांढरा पॉकेटमध्ये पडला, की बॉल मागच्या बाजूलाच ठेवायला लावणारी मंडळी आहेत. ती रेषा, म्हणजे ब्रेकच्या बाजूच्या काठावरच्या दुसऱ्या हिऱ्याच्या खुणेवरून जाणारी, एट-बॉलमध्ये फक्त ब्रेकवरच्या फाऊलनंतर लागू होते. नाइन-बॉलमध्ये (एक ते नऊ नंबरच्या बॉलचा खेळ) तेव्हाही नाही. फाऊलनंतर ‘दोन शॉट’ ही ब्रिटनमधल्या छोट्या टेबलावरच्या लाल-पिवळ्या बॉलच्या खेळातली पद्धत. तीही आपल्याकडे शिरली आहे.

बाही, क्यू किंवा रेस्ट (क्यू टेकवायची काठी) लागून टेबलावरचा कुठलाही बॉल हलला तर मूळ नियमाप्रमाणे फाऊल. पंच नसलेल्या सामन्यांत फक्त पांढऱ्याला लागलं तरच फाऊल धरायची पद्धत सोयीची आहे आणि मला ती मान्यही आहे. पण ती पहिल्या ब्रेकच्या आधी सांगितली पाहिजे, उपांत्य फेरीत बाही लागल्यावर नव्हे.

खासबागेतल्या कुस्तीत पाठ टेकली की नाही यावर हजार माणसं बोलतात, पण निकाल पंच देतो. पूलमध्ये बऱ्याचदा पंचच नसतो. तेव्हा शंका असलेल्या शॉटच्या आधी खेळ थांबवायचा आणि तिसऱ्या माणसाला टेबलाशी उभं करायचं. त्याने पॉकेटकडे बघायचं नाही, पहिल्या टकरीकडे बघायचं. दोन बॉल एकदम लागल्यासारखे वाटले आणि खात्री होत नसेल, तर बरोबर बॉल आधी लागला असं धरायचं. तिसरा माणूस नसेल तर शंकेचा फायदा मारणाऱ्याला. आणि फाऊल पुढचा शॉट सुरू व्हायच्या आत पुकारला नाही, तर तो झालाच नाही.

आयोजकांना विनंती एवढीच, की प्रवेश फी घेण्याआधी एक कागद भिंतीवर लावा: कुठले नियम, सगळ्या बॉलचे फाऊल की फक्त पांढऱ्याचे, पॉकेट सांगायचं की नाही. नाइन-बॉल असेल तर आणखी दोन ओळी. पहिली ओळ पुश आउटसाठी (कुठलाही बॉल न लागता पांढरा हवा तिकडे सरकवायची मुभा): ब्रेकनंतरच्या पहिल्याच शॉटला, आधी सांगून, तो घेता येतो आणि पुश शॉटच्या फाऊलशी त्याचा संबंध नाही. दुसरी ओळ अशी, की एकाच रॅकमध्ये (डावात) लागोपाठ तीन फाऊल केले तर रॅक जातो, पण दुसऱ्या फाऊलनंतर ‘तुमचे दोन झाले’ हे खेळाडूला ऐकू जाईल असं सांगितलेलं असलं पाहिजे. सांगितलं नसेल तर तिसरा फाऊल दुसराच मोजायचा.

आपला,
एक पूलप्रेमी वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर