मनुष्यबळाच्या हिशेबातून सीमाभाग वगळू नका

महोदय,

देशाच्या आर्थिक वाढीची प्रारूपे (अंदाज बांधण्याची गणिती मॉडेल) मांडताना स्थलांतर, रोजगार आणि शिक्षण या तीन धोरणांचे परिणाम वेगवेगळे मोजण्याची पद्धत बेळगावसारख्या सीमाभागात किती अपुरी पडते, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्यात) मोल्डिंगवर, म्हणजे साचे बनवण्याच्या कामावर, आणि भट्टीपाशी बिहार-ओडिशाकडचे कामगार मोठ्या संख्येने दिसतात, तर त्याच ओतीव मालाचे पुढचे काम सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर आयटीआय झालेली खानापूर-चंदगडकडची मुले करतात. भट्टी थांबली तर या मुलांच्या पाळ्याही कमी होतात. बाहेरचा कामगार येथे स्थानिकाचे काम टिकवतो. सर्वच धंद्यांत तसे असेल असे नाही, म्हणूनच हा संबंध धंद्यावार तपासला पाहिजे.

जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांतील व्यवस्थापनाच्या 50 टक्के आणि इतर 70 टक्के जागा स्थानिकांसाठी राखण्याच्या विधेयकाला संमती दिली आणि उद्योगजगताच्या विरोधानंतर ते बाजूला ठेवले. त्यात स्थानिक ठरण्यासाठी शालान्त परीक्षेत कन्नड विषय किंवा कन्नडची चाचणी अशी अट होती. असा नियम अमलात आला तर बेळगावच्या कारखानदाराला हद्दीपलीकडची शिनोळीची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. कारखाना तिकडे गेला की कर्नाटकाच्या खात्यात घट आणि महाराष्ट्राच्या खात्यात वाढ दिसेल. देशाच्या पदरात मात्र यंत्रे हलवण्याच्या खर्चाखेरीज काहीच पडणार नाही.

काळाचा प्रश्न याहून मोठा आहे. परप्रांतीय कामगार आठवडाभरात कामावर रुजू होतो, आयटीआयचा फिटर तयार व्हायला दोन वर्षे लागतात आणि आज पहिलीत बसलेले मूल कामाला लागायला निदान बारा वर्षे जातात. आरक्षण आज आणि प्रशिक्षण उद्या, असा क्रम लावला तर मधल्या काळात उत्पादन कोण करणार, याचे उत्तर प्रारूपात आकड्यांनिशी असले पाहिजे. ऊसतोडीचेही तसेच आहे. गळीत हंगामात टोळ्यांबरोबर फडावर येणारी मुले शाळेचे ऐन महिने गमावतात; साखरेचे उत्पादन त्याच वर्षीच्या हिशेबात धरले जाते, पण या मुलांच्या बुडालेल्या शिक्षणाची किंमत कोणत्याच हिशेबात येत नाही. मला हे सर्वांत अन्यायाचे वाटते.

2016-17 च्या आर्थिक पाहणीत रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांच्या आकडेवारीवरून राज्याराज्यांतील स्थलांतर वर्षाला सुमारे 90 लाख असल्याचा अंदाज बांधावा लागला होता, यावरूनच थेट माहितीची उणीव किती आहे ते कळते. 2027 च्या जनगणनेनंतर तरी कामगाराचे मूळ गाव, त्याचा धंदा आणि शिक्षणाचे माध्यम यांची माहिती तालुकावार एकत्र जुळवावी, कोल्हापूर-बेळगाव-गोवा हा पट्टा एकच श्रमबाजार म्हणून अभ्यासावा आणि नोकरी-आरक्षणाचे कोणतेही नवे विधेयक मांडण्यापूर्वी त्यामागची गृहीतके सरकारने लोकांसमोर ठेवावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)