आई कामावर रुजू होते त्या दिवशी वडिलांना रजा द्या

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांस,

स. न. वि. वि.

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यांतले ८ आठवडे आधीच घेतले, तर बाळाच्या वाट्याला १८ उरतात. आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे, फक्त आईच्या दुधावर असते. खरी ओढाताण तिथून सुरू होते.

आणि वडील? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवस. ती बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेतली नाही तर बुडते. बहुतेकांची दवाखाना आणि बारशातच संपते. खासगी नोकरीत कायद्याने तेवढीही नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली यासाठी खासगी विधेयक मांडले होते; त्याचा कायदा झाला नाही.

आमची मागणी सहा आठवड्यांची आहे: पगारी, सलग, आईच्या नावे वळवता न येणारी, आणि आई रुजू होईल त्या दिवसापासून सुरू होणारी. सलग अशासाठी की बाळ एकट्याने सांभाळल्याशिवाय हात बसत नाही. आईचे काढून ठेवलेले दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकते. आपल्याकडे मे महिन्यात खोली इतकी थंड नसते, म्हणून ते लगेच फ्रिजमध्ये. तिथे चार दिवस. गॅसवर तापवायचे नाही, गरम पाण्यात वाटी धरून कोमट करायचे. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, सुरुवातीला दोन-तीन चमचेच. प्रत्येक गोष्ट आईला फोन करून विचारावी लागली, तर वडील मदतनीसच राहतात.

या रजेचा खर्च मात्र मालकावर टाकू नका. कर्मचारी राज्य विम्याबाहेरच्या नोकरीत आईच्या रजेचा पगार मालकच देतो, आणि म्हणूनच तरुण मुलींना कामावर घेताना हात आखडता होतो. विम्यात मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के जमा होतात, पण २१,००० रुपयांच्या वर पगार गेला की माणूस त्याबाहेर. वडिलांच्या रजेसाठी सर्व पगारदारांच्या वर्गणीतून असाच वेगळा निधी उभारा.

एक दुरुस्ती तर बिनखर्चाची आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा कायदा फक्त स्त्रीला देतो. तिथे ‘पालक’ हा शब्द घाला. वडिलांच्या कार्यालयाजवळचे पाळणाघरही मग उपयोगी पडेल.

आपले,
नोकरदार आई-वडील आणि पाळणाघरचालक