आईने विचारलेल्या सोन्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तिथे सोन्याचं काय करतेस गो?" आणि नेमकी रेंज गेली. बाबांनाही पत्रच बरं, सावकाश दोनदा वाचता येतं. म्हणून लिहायला बसले.

आमचं सोनं काचेच्या तुकड्यावर असतं. थराची जाडी सुमारे 50 नॅनोमीटर. तुझ्या एका केसाच्या जाडीत असे हजारभर थर बसतील. समोरून तो तुझ्या पाटल्यांसारखा पिवळा दिसतो, आणि उजेडासमोर धरला की आरपार निळसर हिरवा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी कितीतरी वेळ खिडकीपाशीच उभी होते.

काचेच्या बाजूने आम्ही त्यावर प्रकाश सोडतो. जवळजवळ सगळा परत येतो, पण एका ठरावीक कोनात सोन्यातले इलेक्ट्रॉन तो गिळून टाकतात आणि परतीच्या प्रकाशात काळी रेघ दिसते. सोन्याच्या वरच्या अंगाला काही चिकटलं, की ती रेघ जराशी सरकते. आम्ही ते सरकणं मोजतो, बस. स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या संशोधकांनी 1983 साली ही युक्ती अशा तपासणीसाठी वापरून दाखवली, 1990 मध्ये यंत्रही बाजारात आलं. पण ते मोठं आणि महागडं. आम्हाला ते चिपवर आणायचं आहे.

चिकटायचं कुणी, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. सोन्याच्या एका ठिपक्यावर आम्ही डीएनएचा एकच पदर उभा करतो. त्याच्या टोकाला गंधक असतो, तो सोन्याला घट्ट धरतो. डीएनएच्या अक्षरांत ए समोर टी आणि जी समोर सी, अशी जोडी जमणारा पदर आला तरच तो तिथे टिकतो, बाकीचे धुऊन जातात. शेजारच्या ठिपक्यावर जंतूचं प्रथिन ठेवतो, रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, पकडायला.

दोन ठिपके का, ते बाबांना कळेल. आठवतं ना, तरव्याची लावणी चालू असताना तुम्हाला ताप भरला होता? तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा तो ताप, नाही म्हणाले, गोळ्या देऊन घरी पाठवलं. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि तुम्हाला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. त्या पहिल्या रिपोर्टचा मला फार राग होता. आता कारण ठाऊक आहे. ती चाचणी प्रतिपिंडं शोधत होती, आणि ती रक्तात दिसायला आठवडाभर लागू शकतो. जंतू मात्र पहिल्या दिवसांतच रक्तात फिरत असतो, त्याचा डीएनए तेव्हाच सापडतो. एका थेंबात दोन्ही बघता आलं असतं तर तुमचे ते तीन दिवस वाया गेले नसते. मी हा विषय घेतला तो त्या तीन दिवसांमुळे. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

अडचण रक्ताचीच आहे. स्वच्छ मिठाच्या पाण्यात रेघ छान सरकते. रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवाच्या एका लिटरमध्ये अल्ब्युमिन नावाचं नुसतं एक प्रथिनच चाळीसेक ग्रॅम असतं, ते मिळेल तिथे चिकटतं आणि आम्हाला फसवतं. म्हणून एक ठिपका मुद्दाम रिकामा ठेवायचा आणि त्याचं सरकणं बाकीच्यांतून वजा करायचं. त्यात जंतूचा डीएनए इतका थोडा असतो की आधी त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात. गेल्या आठवड्यात सलग चार चिपा टाकून द्याव्या लागल्या. त्या रात्री जेवण गेलं नाही. पण पाचवीवर रेघ जिथे थांबायला हवी तिथेच थांबली, दोन्ही वेळा.

वाळपईला बसून कुणी असा थेंब तपासेल, त्याला अजून वेळ आहे. तोवर बाबा, माझं ऐका. मेरेवर उंदरांची बिळं आहेत, पाणी साचलेलं आहे. गमबूट घातल्याशिवाय शेतात उतरू नका, आणि टाचेची भेग नीट बांधून घ्या. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि शेतात होतो हे आपणहून सांगा. आई, तू सोबत जा, हे राहून जातील.

चवथीला येते. गमबूट बंगळूरूहूनच आणते, बाबांचा आठ नंबरच ना, ते तेवढं कळव.

तुमची,
बाय