मधमाशी म्हणून मोजली जाणारी माशी

संपादक महोदय,

पाऊस ओसरू लागला की सिंहगड-पुरंदरच्या उतारांवर सोनकी फुलते आणि पुण्यातले निसर्गप्रेमी कीटकांची मोजणी करायला निघतात. त्या यादीत हवेत एका जागी तरंगणारी होव्हरफ्लाय सहज ‘मधमाशी’ म्हणून जमा होते. ही चूक टाळता येते.

मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, हिला एकच. मिशा आखूड, डोळे मोठे. बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना टेकतात. खात्रीसाठी पंख भिंगाखाली धरावा. मधोमध एक शीर दिसते, जी दोन्ही टोकांना मोकळीच असते. जात ठरवायला मात्र फोटो अनेकदा पुरत नाही, नराची जननेंद्रिये तपासावी लागतात. त्यासाठी नमुना हवा, आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही कीटक पकडू नये.

पायथा, मधला टप्पा आणि माथा अशा तिन्ही उंचींवर सकाळच्या उन्हात सारखाच वेळ द्यावा. फक्त माथ्यावर मोजले तर उंचीप्रमाणे जाती कशा बदलतात ते कळतच नाही. नमुने मिळवायला सापळा म्हणून पिवळी, निळी, पांढरी वाडगी पाण्याने अर्धी भरून त्यात बिनवासाच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत, म्हणजे माशी पृष्ठभागावर न तरता बुडते. वाडगी फुलांच्या उंचीला, उघड्यावर ठेवावीत; गवतात ती माशीला दिसत नाहीत. सरीने वाडगे भरून वाहिले तर नमुने पाण्याबरोबर जातात. म्हणून काठाखाली भोक पाडून त्यावर बारीक जाळी चिकटवावी. वाडगी त्याच संध्याकाळी रिकामी करावीत, नाहीतर नमुने कुजतात.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढेच आहे. सोनकी ऐन बहरात असताना माश्या खऱ्या फुलांवरच रमतात आणि वाडग्यांत फारसे काही येत नाही. त्यावरून ‘इथे माश्या कमी’ असा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे. हातजाळीने ठरावीक वेळ फिरून केलेली नोंद जोडीला हवीच.

ओले नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. ठिकाण, उंची, तारीख लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी, तीही पेन्सिलीने. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि नमुना बेवारस होतो.

कित्येक जातींच्या अळ्या पिकांवरची मावा ही कीड फस्त करतात, त्यामुळे शेतकऱ्यालाही ही माशी परकी नाही. मोजणीच्या तक्त्यात तिचा वेगळा रकाना ठेवावा आणि ती दिसली नाही, तर तिथे शून्य लिहावे.

– एक कीटक-अभ्यासक, पुणे