स्वस्त म्हणून नव्हे, कसब म्हणून

महोदय,

परदेशी इमारतींच्या मॉडेलचे काम आमच्याकडे केवळ स्वस्त म्हणून येते, असा समज आहे. तो खरा नाही.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना बीआयएम, म्हणजे इमारतीचे डिजिटल मॉडेल, सक्तीचे झाले. तिथल्या कंत्राटदाराकडे हे काम बारमाही नसते. कायमची माणसे ठेवणे परवडत नाही. म्हणून हे काम पुण्यात आमच्याकडे येते. मी नऊ वर्षे रेव्हिट या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर हेच करते. परवा एका रुग्णालयाच्या मॉडेलमध्ये एसीचा डक्ट सरळ बीममधून गेलेला दिसला. फॉल्स सीलिंगची उंची सांभाळून तो पडद्यावरच खाली घेतला. साइटवर काँक्रीट फोडावे लागले असते! तरी आमच्या शंकांना तिकडून चार-चार दिवस उत्तर नाही, मुदत मात्र तीच. आर्किटेक्टसोबतच्या बैठकीत मॉडेलरलाही बसवा, एवढीच मागणी आहे.

— एक बीआयएम मॉडेलर, कोथरूड, पुणे