बाबा, फुलटोच्या

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर बाबा "हो, हो" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहिते आहे.

मागच्या रविवारी कवडीपाटला नदीवर गेलो, ते डोळ्यांपुढून जात नाही. पाण्यावर फेस, काठाच्या झुडपांना अडकलेल्या पिशव्या आणि त्याच पाण्यात लडाख-तिबेटकडून आलेली चक्रवाक बदकं. वीस वर्षांपूर्वी आपण तिथेच बसायचो. मी सातवीत असेन. दगडावरचा मातकट बगळा बघून मी घाईनं नाव शोधायला पुस्तक उघडलं आणि बाबा, तुम्ही ते मिटलंत. "नाव नंतर. आधी बघ, करतोय काय?" काहीच करत नव्हता. दहा मिनिटं मान आखडून नुसता उभा. मी कंटाळले, आणि तेवढ्यात तो उडाला. पंख पांढरेशुभ्र! तो वंचक होता. बसलेला असताना चिखलात चिखल, उडाला की दुसराच पक्षी. ती दहा मिनिटं बसले नसते तर वंचक मला पुस्तकातलाच माहीत असता.

आई, तुझी रीत वेगळी. दुधाच्या खाड्यांच्या आणि सिलिंडरच्या तारखांमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरवर "धोबी आला" असं लिहायचीस. हिवाळ्याआधी अंगणात शेपटी हलवत पहिला धोबी उतरला की त्याच दिवशी नोंद. मला ती तुझी नोंद अजूनही सगळ्यात खरी वाटते.

तर परवा, त्याच रविवारी. गाडी लावली त्या आंब्यावर बांडगूळ आहे. त्यात फुलटोच्या होता, अंगठ्याएवढा, सारखा चिक्-चिक् करत. बांडगुळाची चिकट फळं खायला तो येतो आणि बिया फांद्यांवर पुसत झाडभर बांडगूळ पसरवतो, हे तुम्हीच सांगितलेलं. "कान आधी, दुर्बीण नंतर" हेही तुमचंच. परवा मात्र तुम्ही त्याच्या खाली उभे राहून दुर्बिणीची काच पुसत होतात. पलीकडे तांबट पक्षी ठोकायला लागला, तेव्हा लगेच मान वळवलीत.

बाबा, वयानं ऐकणं कमी होतं तेव्हा आधी उंच, बारीक आवाज जातात. तांबटाची टुकटुक खालच्या पट्टीतली, ती राहते. म्हणून तुम्हाला वाटतं, सगळं नीट ऐकू येतंय.

आणि आई, तू दिवसभर त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होतीस. चहावाल्यानं विचारलेलं तूच पुन्हा मोठ्यानं सांगत होतीस. किती दिवसांपासून?

शनिवारी मी येते आहे. सकाळी दहाला कानांची तपासणी ठरवली आहे, तासाभराचं काम. यंत्र लागलं तर लावू, नाही लागलं तर उत्तमच. बाबा, नाही म्हणू नका. तिथून सरळ त्या आंब्याखाली जाऊ. आई, डबा नको करूस, वाटेत खाऊ.

तुमची,
ताई