१९७९ चे विजेतेपद सिअ‍ॅटलचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सवर ४-३ अशी मात करून एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे विजेतेपद पटकावले, तेव्हापासून ‘थंडरचे हे दुसरे विजेतेपद’ असा उल्लेख अधूनमधून वाचनात येतो. अधिकृत नोंदींच्या हिशेबाने तो बरोबर असला, तरी पहिले विजेतेपद ज्या शहरात आले त्याचे नावही न घेता तो केला जावा, हे मला पटत नाही.

ते विजेतेपद सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सचे होते; हाच संघ पुढे ओक्लाहोमा सिटीला जाऊन ‘थंडर’ झाला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे नावच मुळी शहराच्या पोटापाण्याच्या उद्योगावरून पडले, कारण बोइंगने त्या सुमारास ध्वनीपेक्षा वेगवान, म्हणजे ‘सुपरसॉनिक’, प्रवासी विमानाचा प्रकल्प हाती घेतला होता. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याचा निधी बंद केला, ते विमान कधी उडालेच नाही आणि बोइंगच्या तिथल्या कामगारांची संख्या चार वर्षांत सुमारे १ लाखावरून ४० हजारांच्या आत आली. संघाने नाव मात्र टाकले नाही. त्या पडत्या काळातून सावरत असलेल्या शहरासाठी, प्रशिक्षक लेनी विल्किन्स यांच्या संघाने १९७९ मध्ये वॉशिंग्टन बुलेट्सला ४-१ असे हरवले. आदल्याच वर्षी याच बुलेट्सनी त्यांच्या तोंडचा घास सातव्या सामन्यात हिरावला होता.

२००६ मध्ये मालकी ओक्लाहोमाच्या गुंतवणूकदारांकडे गेली. नव्या क्रीडागृहासाठी सरकारी पैसा मिळेना, तेव्हा २००८ मध्ये, भाडेकराराची दोन वर्षे बाकी असताना, शहराला ४.५ कोटी डॉलर देऊन संघ ओक्लाहोमा सिटीला हलवण्यात आला. त्या तडजोडीतही सिअ‍ॅटलने संघाचे नाव आणि हिरवा-पिवळा रंग जाऊ दिला नाही.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे त्या परिसरात राहिलो. बसथांब्यावर रोज भेटणारे एक वृद्ध गृहस्थ त्याच रंगांची, शिवण उसवलेली टोपी घालत. संघ गेला त्याला तेव्हा बरीच वर्षे लोटली होती, तरी आपल्या घरी ओक्लाहोमाचा सामना आजही लावत नाही, असे त्यांनी मला अगदी शांतपणे सांगितले होते.

म्हणून विनंती एवढीच, की यापुढे थंडरच्या विजेतेपदांचा उल्लेख येईल तेव्हा १९७९ या सालापुढे कंसात ‘सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्स’ असे छापावे.

आपला,
एक वाचक, ठाणे